यीस्ट आधी खुराड्यात, मग पेल्यात

अन्नातून झालेल्या जंतुसंसर्गावर डॉक्टरांच्या हातात नेमकं काय असतं, हे पाहायला गेलं तर यादी फार तोकडी निघते. एरवी धडधाकट असलेल्या माणसाला साल्मोनेला या जंतूचा संसर्ग झाला आणि तो आतड्यापुरताच राहिला, तर प्रतिजैविक सहसा देत नाहीत. दिल्याने जुलाब काही लवकर थांबत नाहीत, उलट विष्ठेतून जंतू बाहेर पडत राहण्याचा काळ लांबू शकतो. इ. कोलाय या जंतूच्या ओ१५७ या घातक प्रकाराचा संशय असेल तर प्रतिजैविक टाळण्याकडेच कल असतो, कारण औषधाच्या माऱ्याने हा जंतू शिगा विष जास्त सोडू शकतो आणि मूत्रपिंडं निकामी होण्याची भीती वाढते, लहान मुलांत तर विशेषच. मग उरतं काय? पाणी, मीठ, साखर, देखरेख आणि वाट पाहणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मांडलेला अंदाज असा, की दूषित अन्नामुळे जगात वर्षाला सुमारे ६० कोटी माणसं आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. या मृतांत सव्वा लाख मुलं पाच वर्षांच्या आतली असतात.

एवढ्या मोठ्या आजारावर एवढे थोडे उपाय, म्हटल्यावर कुणी आंबवलेल्या दुधातल्या यीस्टकडे आशेने पाहिलं तर नवल नाही. केफिर, कुमिस आणि त्यांच्यासारख्या पेयांतून वेगळे काढलेले यीस्ट रोगजंतूंना अटकाव करतात, असं सांगणारे शोधनिबंध भराभर येत आहेत. मला हे संशोधन मोलाचं वाटतं. पण त्याच्या पाठोपाठ ‘रोज एक पेला प्या, पोटाला कवच चढवा’ असा जो सूर लागतो आहे, तो मला मान्य नाही. हे यीस्ट आज ज्या जागी खरोखर कामाला येऊ शकतं ती जागा आपला पेला नाही. ती जागा आधी कोंबड्या-डुकरांचं आतडं आहे, आणि त्यानंतर प्रतिजैविकांचा कोर्स चालू असलेला रुग्ण. सार्वजनिक पैसा आणि नियम त्या दिशेने वळायला हवेत.

आधी यीस्टची बाजू नीट मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे.

साल्मोनेला आणि इ. कोलायच्या अनेक प्रकारांच्या अंगावर केसांसारखे बारीक धागे असतात. त्या धाग्यांच्या टोकाला एक प्रथिन असतं आणि ते मॅनोज नावाच्या साखरेला घट्ट धरतं. आपल्या आतड्याच्या पेशींवर ही साखर असते, म्हणून जंतू तिथे चिकटू शकतो, आणि चिकटला नाही तर बहुतेक वेळा पुढे वाहून जातो. आता यीस्टच्या पेशीची बाहेरची भिंत पाहा. ती याच मॅनोजने लगडलेल्या प्रथिनांची असते. प्रयोगशाळेत काचेच्या पट्टीवर यीस्टच्या गढूळ पाण्याचा एक थेंब आणि धागेवाल्या जंतूंचा एक थेंब एकत्र करून पट्टी हलकेच हलवली, की थोड्याच वेळात थेंबात पांढरे कण दिसू लागतात, दूध फाटल्यासारखे. सूक्ष्मदर्शकाखाली कारण कळतं: अंडाकृती, टपोऱ्या यीस्टपेशीच्या भोवती काडीसारखे जंतू चिकटलेले असतात. त्याच मिश्रणात आधीच थोडं मॅनोज विरघळवून ठेवलं तर गुठळ्या होत नाहीत, कारण जंतूंच्या धाग्यांना धरायला मोकळी साखर मिळालेली असते. ही साधी चाचणी जंतूवर असे धागे आहेत की नाहीत हे ओळखायला फार पूर्वीपासून वापरली जाते. मारामारी नाही, विष नाही. जंतूची चिकटण्याची सवयच त्याला महागात पडते. जंतूला न मारता वाटेला लावायचं असल्याने औषधाला दाद न देणारे जंतू निवडले जाण्याचा दबावही इथे कमी असावा, अशी आशा आहे.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा. यीस्ट ही बुरशीच्या कुळातली सजीव पेशी, जंतूंपेक्षा आपल्या पेशींशी तिचं नातं जवळचं. जंतूंना मारणारी बहुतेक प्रतिजैविकं तिच्यापुढे निष्प्रभ ठरतात. दह्यातले लॅक्टोबॅसिलस प्रतिजैविकाच्या गोळीबरोबर पोटात गेले तर त्यांतले पुष्कळ त्या गोळीनेच मरतात, यीस्ट टिकतं. शिवाय जंतू एकमेकांना प्रतिजैविक-रोधाची जनुकं सहज देतात-घेतात, त्या देवघेवीत यीस्ट सहसा नसतं. प्रोबायोटिक म्हणून, म्हणजे आरोग्याला फायदा व्हावा यासाठी, पोटात जिवंत सोडलेला जंतूच उद्या रोगजंतूला असं जनुक पुरवील की काय, ही भीती लॅक्टोबॅसिलसबाबत तपासून घ्यावी लागते. यीस्टबाबत ती जवळजवळ नाही.

याचा सर्वांत जुना आणि सर्वांत तपासलेला नमुना म्हणजे सॅकरोमायसिस बुलार्डी. १९२० च्या दशकात फ्रेंच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ऑन्री बुलार यांनी इंडोचायनात कॉलऱ्याच्या साथीत पाहिलं, की लिची आणि मँगोस्टीनच्या साली उकळून ते पाणी पिणाऱ्या लोकांना त्रास कमी होतो. त्या फळांवरून त्यांनी हे यीस्ट वेगळं काढलं. म्हणजे या क्षेत्रातला सर्वांत नावाजलेला गडी दुधातून आलेलाच नाही, तो फळाच्या सालीवरचा. ‘आंबवलेल्या दुधातलं यीस्ट’ हे शब्द जाहिरातीत दिसले की त्यांच्या आडून बुलार्डीचा पुरावा खपवला जातोय का, हे पाहिलंच पाहिजे. बुलार्डीला दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, आंबवताही येत नाही. ते काम येतं क्लुइव्हेरोमायसिस मार्क्सियानसला, जो केफिर आणि कुमिसमधला खरा रहिवासी. हे दोघं चुलतभाऊ म्हणावेत तर तेही लांबचे.

बुलार्डीवर माणसांत झालेल्या चाचण्यांचा निकाल काय? प्रतिजैविकं घेताना होणाऱ्या जुलाबांवर तो उपयोगी आहे, हे बऱ्यापैकी सिद्ध झालं आहे. २०१५ मध्ये २१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात अशा जुलाबांचं प्रमाण सुमारे १९ टक्क्यांवरून साडेआठ टक्क्यांवर आलेलं दिसलं. प्रतिजैविकांनंतर आतड्यात माजणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूच्या विषाचे तुकडे करणारं एक विकर (एन्झाइम) तो सोडतो, हेही प्रयोगांत दिसलं आहे. ऑस्ट्रियातून उष्ण प्रदेशांत निघालेल्या प्रवाशांना तो देऊन पाहिला, तेव्हा जास्त मात्रा घेणाऱ्यांत जुलाबांचं प्रमाण सुमारे ४० वरून २९ टक्क्यांपर्यंत उतरलं. मात्र कुठे प्रवास केला यावर फायदा बदलत गेला. वाईट नाही. पण कवचही नाही. ज्या शंभरांतल्या चाळिसांना त्रास व्हायचा त्यांतले एकोणतीस तरीही आजारी पडलेच.

आणि इथूनच माझ्या आक्षेपांना सुरुवात होते.

मघाच्या काचपट्टीवरची गुठळी सुंदर असली तरी ती सगळ्या जंतूंना लागू नाही. अन्नातूनच येणाऱ्या लिस्टेरिया या जंतूला मॅनोज पकडणारे ते धागे नसतात. कॅम्पिलोबॅक्टरलाही नसतात. आणि ज्या ओ१५७ साठी प्रतिजैविकाला पर्याय सर्वांत जास्त हवा आहे, त्याच्या बहुतेक प्रकारांत हे धागे उगवतच नाहीत. त्यांचं बटण जनुकांतच बंद पडलेलं आहे. पेशींवरच्या प्रयोगांत यीस्टने ओ१५७ चा त्रास अन्य मार्गांनी कमी केल्याचं दिसतं, आतड्याच्या पेशींमधले सांधे घट्ट ठेवून वगैरे. पण आजारी मुलाच्या मूत्रपिंडापर्यंत पोचलेला पुरावा म्हणजे तो नव्हे. स्टॅफिलोकॉकस ऑरियसची गोष्ट तर आणखी वेगळी. तो अन्नातच विष तयार करून ठेवतो आणि ते विष उकळूनही सहजी जात नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात. तिथे यीस्टने कुणाला पकडायचं? जंतू तोवर मेलेलाही असू शकतो. ‘अन्नातले घातक जंतू’ असं सरसकट म्हणून सगळ्यांवर एकच उपाय सांगणाऱ्या कुठल्याही दाव्याकडे म्हणूनच मी संशयाने पाहतो.

आता हे शोधनिबंध कसे लिहिले जातात ते पाहू. साचा ठरलेला असतो. दुधातून यीस्ट वेगळं करायचं, ते आम्लात आणि पित्तात तगतं का बघायचं, प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅको-२ नावाच्या आतड्याच्या पेशींच्या थरावर चिकटतं का बघायचं, रोगजंतूबरोबर एका नळीत वाढवून जंतूंची संख्या घटते का मोजायचं. घटली, की शेवटच्या परिच्छेदात ‘आश्वासक प्रोबायोटिक’ असं लिहायचं. या चाचण्या निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. शेकडो यीस्टमधून पुढे नेण्याजोगे चार निवडायला त्या हव्यातच. पण कॅको-२ चा थर म्हणजे आतडं नव्हे. त्यावर सहसा श्लेष्म नसतो, अब्जावधी इतर जंतूंची गर्दी नसते, पुढे ढकलणारी हालचाल नसते. नळीत यीस्ट आणि साल्मोनेला चोवीस तास समोरासमोर कोंडलेले असतात. पोटात त्यांची गाठ पडेलच असं नाही. प्रोबायोटिक जंतूंच्या बाबतीत असला भ्रमनिरास एकदा झालेला आहे. २०१८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. जुलाब-उलट्या झालेल्या लहान मुलांना, एकीत ९७१ आणि दुसरीत ८८६, लॅक्टोबॅसिलसचे नावाजलेले प्रकार किंवा नुसतं दिखाऊ औषध दिलं गेलं. दोन्हींत फरक पडला नाही. ते जंतूही नळीत आणि पेशींवर छान वागले होते, त्यांच्या बाजूने आधीच्या छोट्या चाचण्याही होत्या. तोंड एकदा दुधाने पोळलेलं असताना ताक फुंकून प्यायला काय हरकत आहे?

त्यात मात्रेचा प्रश्न आहे, आणि त्याचा हिशेब कुणी ग्राहकासमोर मांडत नाही. बुलार्डीच्या चाचण्यांत वापरतात त्या २५० मिलिग्रॅमच्या पुडीत साधारण ५०० कोटी जिवंत पेशी असतात, आणि अशा पुड्या दिवसातून दोन किंवा अधिक वेळा देतात. आंबवलेल्या दुधांसाठीच्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार केफिरमध्ये दर ग्रॅमला किमान १० हजार यीस्ट असले की पुरे. २०० ग्रॅमचा पेला धरा: २० लाख. म्हणजे किमान अट पाळणारा पेला एका पुडीच्या अडीच हजाराव्या भागाएवढा. केफिरच्या दाण्यांपासून, म्हणजे यीस्ट आणि जंतूंच्या गुठळ्यांपासून, पारंपरिक पद्धतीने केलेल्या केफिरमध्ये यीस्ट याच्या कितीतरी पट असू शकतं, हे खरं. पण ‘असू शकतं’ यावर आरोग्याचा दावा उभा राहत नाही.

दुग्धउद्योगाची एक गंमतही सांगायला हवी. साध्या दह्याच्या कारखान्यात यीस्ट हा गुन्हेगार असतो. यीस्ट वाढलं की कर्बवायू तयार होतो, डब्याचं झाकण फुगतं, वास बदलतो, माल परत येतो. म्हणून गुणवत्ता विभाग यीस्ट-बुरशीची संख्या मोजतो ती कमीत कमी ठेवण्यासाठी. याच धास्तीने बाजारातलं बरंचसं ‘केफिर’ दाण्यांशिवाय, ठराविक जंतूंच्या विरजणाने बनवतात आणि त्यात यीस्ट नावापुरतं किंवा अजिबात नसतं. ज्या गुणासाठी पेयाची स्तुती गायची तोच गुण पॅकिंग टिकावं म्हणून काढून टाकायचा, आणि लेबलवर मात्र डोंगरातल्या दीर्घायुषी म्हाताऱ्यांची चित्रं.

आंबवलेलं दूध आपोआप सुरक्षित असतं ही समजूत तर आणखी धोक्याची. १९९१ मध्ये वायव्य इंग्लंडमध्ये ओ१५७ ची लागण पसरली ती जिवंत विरजणाच्या दह्यातूनच. हा जंतू आम्लाला बराच निर्ढावलेला आहे. विरजणातल्या आम्लाने इतरांना आवर बसतो, याला पुरेसा बसत नाही. त्याच्या दोन वर्षं आधी ब्रिटनमध्येच हेझलनटच्या दह्यातून बॉट्युलिझम (जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार) होऊन २७ माणसं आजारी पडली आणि एक दगावला. दोष दह्याचा नव्हता. त्यात घातलेल्या हेझलनटच्या गरात साखरेऐवजी कृत्रिम गोडी वापरली होती, आणि डबाबंद करताना गर पुरेसा तापवला नव्हता, म्हणून जंतूला विष तयार करायला वाव मिळाला. दह्यातल्या अब्जावधी उपकारक जंतूंनी त्या विषाचं काहीही वाकडं केलं नाही. मला भीती आहे ती हीच: ‘यात रक्षक यीस्ट आहे’ असं सांगितलं, की कच्चं दूध, ढिलं शीतकरण आणि न धुतलेले नळ यांच्याकडे काणाडोळा करायला एक निमित्त मिळतं. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवण्याइतका स्वस्त आणि खात्रीचा पहारेकरी अजून कुठल्याही यीस्टने दिलेला नाही.

सुरक्षिततेचं म्हणाल तर निरोगी माणसाला या यीस्टपासून जवळजवळ काही धोका नाही, आणि मार्क्सियानसला युरोपियन अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या सुरक्षित सूक्ष्मजीवांच्या यादीत जागा आहे. पण सगळे निरोगी नसतात. अतिदक्षता विभागात, मोठ्या शिरेत नळी घातलेल्या रुग्णांच्या रक्तात बुलार्डी शिरल्याच्या नोंदी जमत गेल्या. कधी कधी तर यीस्टची पुडी शेजारच्या खाटेवर उघडली होती आणि हवेतून किंवा हातांवरून पेशी नळीपर्यंत पोचल्या असाव्यात, असा संशय होता. शेवटी युरोपच्या औषध नियामकांनी गंभीर आजारी आणि प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांना तो देऊच नये असं बजावलं. मार्क्सियानसचंही एक दुसरं रूप आहे: रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तो कॅन्डिडा केफिर या नावाने नोंदला जातो, आणि रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत त्याचा संसर्ग झालेला आहे. अन्नातल्या जंतूंनी सर्वांत जास्त मरणारे कोण? हेच: अर्भकं, वृद्ध, गरोदर स्त्रिया, प्रतिकारशक्ती खालावलेले. कवचाची गरज सर्वांत जास्त ज्यांना, त्यांच्यातल्याच काहींना ते घालताना डॉक्टरला विचारावं लागतं.

मग हे यीस्ट कुठे न्यायचं? जंतू आपल्या ताटात येतो त्याच्या बराच आधी तो कोंबडीच्या आतड्यात राहत असतो. तिथे गेलो तर वर मोजलेल्या बहुतेक अडचणी गळून पडतात. खाद्य रोज तेच, मात्रा मोजून देता येते, हजारो पक्षी एकाच वयाचे आणि एकाच छपराखाली, निकाल काही आठवड्यांत हाती. माणसाला मात्र आज संध्याकाळी दूषित अन्न खाणार हे कळत नाही, आणि यीस्ट आतड्यात वस्ती करत नाही. घेणं थांबवलं की काही दिवसांत निघून जातं. पोट बिघडेल या भीतीने आयुष्यभर मोजून मापून यीस्ट पिणारा माणूस मी तरी कल्पू शकत नाही.

ही कल्पना हवेतली नाही. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला यांनी दाखवलं, की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले सूक्ष्मजीव नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजले तर साल्मोनेलाला पाय रोवायला जागाच उरत नाही. तिथे काम जंतूंच्या मिश्रणाने केलं होतं. पण जागा आधीच अडवून ठेवायची हे तत्त्व पक्कं झालं. बुलार्डी खाद्यातून दिल्यावर कोंबड्यांतला साल्मोनेला कमी झाल्याचेही प्रयोग झाले आहेत, आणि गुरांच्या खाद्यात जिवंत यीस्ट वापरणं आता नेहमीचंच आहे. युरोपियन संघाने १ जानेवारी २००६ पासून जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविकं मिसळण्यावर बंदी आणली. ती जागा रिकामी आहे. लॅक्टोजवर वाढणारं, ४० अंशांच्या वरही तग धरणारं मार्क्सियानस चीज कारखान्यांतून वाया जाणाऱ्या निवळीवर स्वस्तात पिकवता येतं. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे तिथेही ते नांदेल. दुधातल्या यीस्टची फळातल्या यीस्टवर खरी सरशी होण्याची शक्यता मला इथे दिसते.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो. आंबवलेलं दूध माणसं शेकडो वर्षं पीत आली, त्याने कुणाचं नुकसान झालं नाही. थोडासा फायदा होण्याची शक्यता असेल तर सांगायला काय जातं? पिण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. चव आवडते, दूध पचत नाही त्यांना ते पचतं, पोषण मिळतं. एवढी कारणं पुरेत. तक्रार आहे ती रोगापासून संरक्षण विकण्याबद्दल. युरोपियन संघात ‘प्रोबायोटिक’ हा शब्दच आरोग्याचा दावा मानतात, आणि पुरावा मंजूर झाल्याशिवाय तो सहसा लेबलवर येऊ देत नाहीत. उत्पादकांना हे फार कडक वाटतं. मला ते योग्य वाटतं, फक्त अपुरं, कारण शब्द गाळून चित्राने आणि सुराने तेच सांगता येतं. पोटाभोवती चमकणारी ढाल दाखवायची आणि विचारलं तर म्हणायचं, आम्ही कुठे रोगाचं नाव घेतलं! ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा नियामकांनी चालवून घेऊ नये.

नियम फार गुंतागुंतीचा नको. दावा करायचा तर तो पदार्थाच्या नव्हे, यीस्टच्या विशिष्ट वाणाच्या नावे करा. कुठल्या जंतूविरुद्ध, किती पेशींच्या मात्रेत आणि कुणासाठी नाही, हे त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा. पेशींची संख्या कारखान्यातून निघतानाची नको, विक्रीच्या शेवटच्या तारखेची सांगा. आणि ज्या विद्यापीठांत सार्वजनिक पैशावर विसावं-तिसावं ‘आश्वासक’ यीस्ट वेगळं काढलं जातंय, त्यांना अनुदान देणाऱ्यांनी पुढच्या अर्जात एवढंच विचारावं: आधीच्या एकोणीसांपैकी एक तरी कोंबडीपर्यंत नेलात का?